नळीच्या वाटेतून एक जण मागे फिरला. बाकीच्यांनी काय करायचं?

कोरडा_ओढा (धागाकर्ता)

कॉलेजपासूनचे आम्ही आठ जण. आता सगळ्यांची पंचेचाळिशी आली. एरवी भेट होते ती कुणाची वास्तुशांत, नाहीतर कुणाच्या वडिलांचं दहावं-तेरावं असेल तेव्हाच. पण दर हिवाळ्यात एक दणदणीत ट्रेक एकत्र करायचा, हे इतक्या वर्षांत मोडलेलं नाही. यंदा हरिश्चंद्रगड ठरला, तोही बेलपाड्याहून नळीच्या वाटेने. वर कोकणकड्यावर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी साधले घाटाने खाली.

ज्यांनी ही वाट केलेली नाही त्यांच्यासाठी: पाचनईहून गड सकाळी निघून जेवायच्या आत होतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून आलात तर जरा जास्त दमवतो. नळीची वाट मात्र कोकणकड्याला खेटून असलेल्या घळीतून चढते. खाली खोलीएवढे धोंडे, वर घसारा, मधे तीन रॉकपॅच (दोर लावून चढायचे कातळटप्पे), आणि पावसाळ्याचं पाणी आटलं की नळीत पाण्याचा भरवसा नाही. अख्खा दिवस जातो.

पहिला पॅच सगळ्यांचा झाला. दुसऱ्याच्या खाली आमच्यातला एक जण (बाळ्या म्हणू) सॅक काढून दगडावर बसला आणि म्हणाला, "मी इथून खाली जातो. तुम्ही व्हा पुढे." पडला नव्हता, कुठे लागलं नव्हतं. रोप होता, हार्नेस होते, गावातला वाटाड्या सोबत होता. आधी सगळे हसले. मग "अरे अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे" झालं. मग "काय पोरींसारखं करतोस" झालं. मग एक जण खरंच तापला, की केव्हापासून ठरलंय, सुट्ट्या टाकून आलोय. बाळ्या काही उठला नाही. शेवटी मी म्हटलं, मी उतरतो याच्याबरोबर. सहा जण वर गेले, आम्ही दोघं बेलपाड्यात आलो, पिठलं-भाकरी खाल्ली आणि झोपलो.

रात्री वर कुठेतरी रेंज मिळाली असणार, ग्रुपवर फोटो पडले. कड्यावर सहा जण ओळीने, खाली लिहिलेलं: "उरले फक्त मर्द." बाळ्याने त्यावर अंगठा दिला. त्यानंतर आजतागायत ग्रुपवर त्याचं एक अक्षर नाही. मी दोघांशी फोनवर बोललो तर मलाच ऐकवलं, "तू उगाच मोठं करतोयस. एकमेकांना चिडवायला आपण काय आज लागलोय का?"

सगळ्यांनीच परत फिरायला हवं होतं का, हा एक प्रश्न. पण मला खरा छळतोय तो दुसरा. इतक्या वर्षांच्या मित्रांत "मला आज नाही जमत" एवढं म्हणायची सोय नसेल, तर आम्ही दरवर्षी डोंगरात नेमकं करायला काय जातो?

टकमक

जागा धरून ठेवतो. चहा टाकलाय. हा धागा शंभरी गाठणार.

निवांत_काका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही. आठातले दोन परतले, सहा पुढे गेले, यात चूक काही नाही. चूक तेव्हा, जेव्हा एकट्याला "जा तू हळूहळू" म्हणून सोडतात. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत, छान केलंत.

मला शंका वेगळीच आहे. पहिला पॅच चढून झाला होता म्हणता. म्हणजे तो उतरावा लागला. कातळ चढण्यापेक्षा उतरणं अवघड, कारण पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही. तिथे तुम्हाला रोप कुणी दिला? की दोघंच उतरलात?

आणि तिसरं. तुमच्यात लीडर कोण होता? सगळे मित्र आणि सगळे समान, हे हॉटेलात ठीक आहे. नळीत कुणा एकाचा शब्द शेवटचा हवा, आणि तो शब्द एसटीत बसायच्या आधी ठरलेला हवा.

कोरडा_ओढा

काका, वाटाड्या आमच्याबरोबर पहिल्या पॅचच्या खालपर्यंत आला. त्याने वरून बिले दिला (म्हणजे दोर धरून आम्हाला सांभाळलं), आधी बाळ्या उतरला, मग मी, मग तो मोकळाच सरसर खाली आला, आम्हाला ओहोळात लावून दिलं आणि परत वर गेला. तोवर वरचे सहा जण दुसऱ्या पॅचखाली बसून होते. त्यांची चिडचिड त्या खोळंब्याचीही असेल.

लीडर कुणीच नव्हता. जो जास्त ओरडतो तो लीडर, ही आमची जुनी पद्धत.

हलकेच_घ्या

मला माझे मित्र गेली पंचवीस वर्षं टकल्या म्हणतात. टक्कल पाच वर्षांपूर्वी पडलं. आधीची वीस वर्षं अ‍ॅडव्हान्स बुकिंग होतं. ज्या दिवशी ते मला माझ्या नावाने हाक मारतील त्या दिवशी समजेन की कुणीतरी गेलं.

सांगायचा मुद्दा, चिडवणं हीच आमची खुशाली विचारायची पद्धत आहे. बाळ्याचं वाईट वाटलं, पण ग्रुपचाही तेवढाच विचार करा.

अनुजा_घाटमाथा

मी बायकांच्या बॅचेस घेऊन जाते म्हणून लिहिते. "पोरींसारखं" यावर चिडत नाही, सवय आहे. पण यात गंमत अशी की पोरी काय करतात हे या मंडळींना माहीतच नसतं.

आमच्याकडे पॅचखाली पोचलो की कुणी ना कुणी म्हणतेच, "ताई, मला भीती वाटतेय." तिला दुसऱ्या नंबरवर घेते, म्हणजे वर मी, खाली एक अनुभवी. हार्नेस पुन्हा तपासते. "मी सांगेन तिथेच हात घाल" म्हणते. बहुतेक वेळा ती वर येते. नाही आली तर खाली थांबायला कुणाला ठेवायचं ते आधीच ठरलेलं असतं. तिची भीती ही माझ्यासाठी माहिती असते, तिच्यावर माझं कामच चालतं. मिश्र बॅचमध्ये पुरुषांकडून ही माहिती कधी मिळते? पाय सटकल्यावर. तोपर्यंत "काही नाही, मस्त, चला."

बाळ्याने वेळेत सांगितलं. लीडर म्हणून मला असा माणूस बॅचमध्ये हवाय.

कातळ

सगळीकडे समुपदेशनाची भाषा घुसवायलाच हवी का? प्रामाणिक प्रश्न आहे, भांडण नाही.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा माझा ट्रेकमधला मित्र रोज रात्री ऑफिसातून थेट यायचा. बाकड्यावर बसायचा. "कसं वाटतंय तुला" असं त्याने एकदाही विचारलं नाही. रणजीचा स्कोअर सांगायचा, वडापाव आणायचा, मला म्हणायचा, "दोन तास पड, मी आहे." वडील गेले त्या दिवशी स्मशानातलं सगळं त्यानेच पाहिलं, लाकडांच्या पावतीपासून. आजही आम्ही त्याबद्दल बोललेलो नाही. पुढच्या महिन्यात रतनगडाला गेलो, त्याने माझी सॅक घेतली आणि स्वतःची मला दिली. माझी जड होती. एवढंच.

हे ज्यांना मैत्री वाटत नाही त्यांनी खुशाल वर्तुळात बसून मन मोकळं करावं. धागाकर्ते स्वतः बाळ्याबरोबर खाली उतरले ना? मग झालं की उत्तर. ती सोय त्यांच्या ग्रुपात आहे. बाकी सहा जण मूर्ख निघाले इतकंच.

जाईजुई

+१ कातळ, डोळ्यात पाणी आलं.

पण एक सांगा. त्या मित्राच्या घरी असा प्रसंग आला आणि तुम्हाला कळवलंच नाही, तर? आमच्या ह्यांच्या मित्राची नोकरी गेलेली. दोघं रायगडावर जाऊन आले, टकमक टोकावर फोटो काढले, गाडीत जाऊन-येऊन सात-आठ तास शेजारी बसले. ह्यांना पत्ता नाही. मला त्याच्या बायकोकडून कळलं, तेही भाजी घेताना. सॅक उचलायला आधी ती जड आहे हे कळायला लागतं.

कातळ

@जाईजुई, बिनतोड. उत्तर नाही माझ्याकडे.

टकमक

टकमक टोकाचा उल्लेख आल्याने मी भावनिक झालो आहे.

आंबेवाडी_रिटर्न

मी या धाग्यातला बाळ्या आहे. म्हणजे तो बाळ्या नव्हे, दुसरा.

अलंग-मदन-कुलंग, आंबेवाडीवरचे तीन गड. अलंग झाला होता, मदनच्या पॅचखाली आलो. पन्नासेक फुटांचा कातळ, पण त्याच्याआधीचा ट्रॅव्हर्स, म्हणजे कातळाच्या कडेने आडवं जाणं, अंगावर येतं. पायाखाली कोरलेल्या पायऱ्या, बाजूला मोकळं. तिथे माझा उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. थांबवायचा म्हटलं तरी थांबेना. क्लायंबिंगवाल्यांना हे माहीत असतं, स्नायू थकले आणि मन घाबरलं की होतं. टाच खाली दाबायची, वजन हलवायचं, थांबतं. मला कुठे माहीत. मी त्या पायाकडे बघत बसलो, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. शेवटी म्हटलं, मी नाही येत.

त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, उलट पाणी दिलं, पाठ थोपटली. खरी मजा पुढे. प्रत्येक पार्टीत, प्रत्येक लग्नात तो किस्सा. दरवेळी जरा वाढलेला. आधी पाय थडथडत होता, मग मी रडलो, मग मी आईला हाक मारली. मीपण हसायचो. एकदा तर मीच नक्कल करून दाखवली, सगळे लोटपोट. त्यानंतर जाणं बंद झालं. भांडण नाही, कट्टी नाही. आधी ऑफिस आडवं आलं, मग पोराची परीक्षा, मग त्यांनी विचारायचंच सोडलं.

कोरडा_ओढा, तुमच्या बाळ्याने अंगठा दिला ना? तो अंगठा मी ओळखतो.

अनुजा_घाटमाथा

@आंबेवाडी_रिटर्न, पुन्हा जायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पायाचा इलाज अर्ध्या दिवसात शिकवते. चेष्टा नाही करत.

निवांत_काका

आमच्या वेळी असं नव्हतं असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. आमच्या वेळीही असंच होतं. फक्त किस्सा सांगायला व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, त्यामुळे तो पुढच्या ट्रेकपर्यंत शिळा व्हायचा.

रॉकेलचा स्टोव्ह, एक मोठं पातेलं, पायात हंटर शूज आणि शेवटची एसटी चुकली की स्टँडवर झोपायचं. आमच्या क्लबात एक रीत होती, ती मात्र चांगली होती. सगळ्यात हळू चालणारा पुढे. त्याच्या चालीने सगळे. सगळ्यात दांडगा शेवटी, बॅकअपला. तेव्हा राग यायचा, आता वाटतं की निम्मी भांडणं त्या एका रीतीने टळली असतील.

पॉपकॉर्न_दादा

इतिहासात नाव मागे थांबणाऱ्याचंच राहतं. १६६० ची पावनखिंड आठवा. बाळ्याला सांगा.

मावळखोरा

कृपया बाजीप्रभूंना यात ओढू नका. ते सिद्दीचं सैन्य अडवायला थांबले होते, पॅच बघून बसले नव्हते. दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड चिखलातून चालून येणाऱ्यांना हे असले विनोद लागतात.

पॉपकॉर्न_दादा

माफी. विनोद मागे. (मीही फिरलो मागे.)

डॉ_खोकला

मी डोंगरवाला नाही, डॉक्टर आहे. माझ्याकडे हे प्रकरण वेगळ्या रूपात येतं: लेहच्या बुलेट ट्रिपा.

मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला उतरतात. उंची साधारण ३५०० मीटर. पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं असतं. पण बाइक भाड्याने घेतलेल्या, सुट्टी मोजकी, मग दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला खिंडीत, ५३५९ मीटर. डोकं दुखतं, मळमळतं, रात्री झोप नाही. सातातल्या चौघांचं दुखत असतं आणि चौघांनाही वाटतं की आपलंच दुखतंय. कोण आधी बोलणार? मनालीमार्गे जाणारे सरचूला तंबूत झोपतात, ४३०० च्या आसपास, आणि पहाटे एखादा सरळ चालू शकत नाही. दोस्त हसतात, "काल जास्त झाली वाटतं." झोकांड्या जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं. त्याला टाचेपुढे टाच ठेवून सरळ रेषेत चालायला लावा. जमलं नाही तर ताबडतोब खाली न्या, आणि ऑक्सिजन मिळाला तर देत देत न्या. झोपवून "बघू सकाळी" म्हणू नका.

जिममध्ये कमावलेलं शरीर इथे कामाला येत नाही. विरळ हवा कुणाला लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि दणकट तरुण उलट जास्त अडकतो, कारण तो दुखणं अंगावर काढून पुढे जात राहतो. ३००० मीटरच्या वर गेलात की रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरच्या आतच वाढवायची आणि दारू टाळायची. गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच.

म्हणून मी ट्रिपवाल्या पेशंटांना एक खेळ सांगतो. रोज संध्याकाळी प्रत्येकाने डोकेदुखीला शून्य ते दहा आकडा द्यायचा. "दुखतंय" म्हणायला लाजणारे "चार" म्हणायला लाजत नाहीत. का ते मला विचारू नका, पण चालतं.

हलकेच_घ्या

डॉक्टर, हा खेळ आम्ही घरी चालू केला. बायको म्हणाली, "नऊ." मी म्हटलं, "डोकं?" म्हणाली, "नाही, तू."

सातासमुद्रापार

वेल्समधून लिहितोय. इथे बार्मथ नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, गिर्यारोहक बिल टिलमन उत्तर आयुष्यात तिथे राहायचा. हिमालयवेड्यांना नाव माहीत असेल. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि हा, ऋषिगंगेच्या घळीतून वाट काढत नंदादेवीच्या पायथ्याच्या त्या कोंडलेल्या खोऱ्यात पहिल्यांदा उतरले. त्याआधी आफ्रिकेतही दोघं बरोबर. वर्षानुवर्षं एका तंबूत.

शिप्टनने नंतर सांगितलेली गोष्ट अशी की इतक्या वर्षांनंतरही टिलमन त्याला आडनावानेच हाक मारायचा. एकदा शिप्टनने धीर करून विचारलं, एरिक का नाही म्हणत? टिलमन कमालीचा अवघडला, मान खाली घातली आणि पुटपुटला की ते फार बावळटासारखं वाटतं. विषय तिथे संपला. पुढेही मोहिमा एकत्रच.

म्हणजे आजार जुना आहे आणि आपल्यापुरताच नाही.

मुरबाडकर

सातासमुद्रापार, छान गोष्ट. पण त्या १९३४ च्या घळीत दोघंच नव्हते. आंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पाही होते, वजन त्यांच्याही पाठीवर होतं. गोष्ट सांगताना "दोघं" होतात.

हे मुद्दाम लिहितोय, कारण या धाग्यातही एक माणूस पॅच उतरून पुन्हा चढला आणि त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. माझं गाव बेलपाड्याच्या बाजूला. आमच्याकडची पोरं शनिवार-रविवार वाटाड्याचं काम करतात. त्यांना विचारा, मर्द कोण. ते म्हणतील, पाणी जास्त आणतो तो. परत फिरणारा माणूस त्यांना परवडतो. न फिरणारा अडकला की रात्री आधी गावातलीच पोरं जातात, बॅटऱ्या आणि दोर घेऊन. मग रेस्क्यूवाले पोचतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आहेत, सगळी स्वयंसेवक मंडळी, आपापली नोकरी सांभाळून येतात. अर्ध्या वाटेत "जमत नाही" म्हणणाऱ्याने या सगळ्यांची एक रात्र वाचवलेली असते.

कोरडा_ओढा, त्या पोराला दोनदा पॅच केल्याचे जास्तीचे दिलेत का?

कोरडा_ओढा

दिले. बाळ्याने दिले, मला न सांगता. मला नंतर त्या पोराकडून कळलं.

एकटा_सड्या

थोडं विरुद्ध लिहितो. माझा ग्रुप नाही. होता, तो पांगला: दोन अमेरिकेत, एक गेला, एकाशी पैशावरून फाटलं. आता मी पैसे भरून जायच्या ट्रेकांना जातो, पन्नास अनोळखी माणसांबरोबर. पुण्यातून रात्री बस, कळसूबाईच्या शिड्यांवर रांग, परत येताना गाणी. तुम्ही लोक नाकं मुरडता, मुरडा.

पण तिथे तंबूत शेजारी पडलेल्या माणसाने मला रात्री दीडला त्याच्या घटस्फोटाचं सगळं सांगितलं. मी त्याला माझं सांगितलं. सकाळी पोहे खाल्ले, नंबरसुद्धा घेतला नाही. जुन्या मित्रांना सांगितलं की ते कायमचं त्यांच्याजवळ राहतं, आंबेवाडीच्या किश्शासारखं. त्यामुळे बोलायचं तर अनोळखी माणूस बरा. फक्त दवाखान्यात बाकड्यावर बसायला तो येत नाही, हे कबूल.

जाईजुई

आणि हे सगळे मर्द, बाळे, शिप्टन डोंगरात असताना घरी पोरांची परीक्षा, सासूबाईंचं बीपी आणि गॅसवाला कोण बघतं, यावर कुणी वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन.

अनुजा_घाटमाथा

@जाईजुई, आणि बायकांच्या बॅचला निघताना प्रत्येकजण आधी दोन दिवसांचं जेवण करून फ्रीजमध्ये ठेवून येते. पुरुषांच्या बॅचमध्ये कुणी असं केल्याचं ऐकिवात नाही. काढाच धागा.

घाटवाट_गणेश

सगळ्यांनी मागे फिरण्यावर लिहिलं, दोर सोडण्यावर कुणी नाही. १९८५ साली पेरूमधल्या सिउला ग्रांदे शिखरावर गिर्यारोहक जो सिम्पसन याचा पाय मोडला. सायमन येट्स त्याला दोराने खाली सोडत होता. सिम्पसन एका कड्यावर अधांतरी लटकला, येट्सला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, आणि तो स्वतः घसरायला लागला. त्याने दोर कापला. सिम्पसन हिमभेगेत पडला, वाचला, मोडक्या पायाने सरपटत तळावर पोचला. लोकांनी येट्सला नावं ठेवली. सिम्पसनने कधीच ठेवली नाहीत, उलट त्याची बाजू घेत राहिला.

माझं म्हणणं एवढंच की निर्णय बरोबर होता की नाही हे त्या दोघांचं त्यांना कळतं. ज्यांना पॅचखाली थोडा वेळ थांबायला लागलं म्हणून राग आला, त्यांनी जरा मापात राहावं.

टकमक

बेलपाड्याहून पेरूला पोचलो. आता धागाकर्त्याला पुन्हा नळीत आणा रे कुणीतरी.

कातळ

कोरडा_ओढा, बाळ्या का फिरला ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तब्येत?

कोरडा_ओढा

खाली उतरल्यावर त्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ओढ्याजवळ बूट काढून बसलो होतो, तो माझ्याकडे न बघता बोलत होता, आणि मधेच "मोजे वाळले का बघ" असंही. ते काय होतं ते इथे लिहिणार नाही, त्याचं आहे. इतकंच सांगतो की ऐकल्यावर मला वाटलं, हा पहिल्या पॅचपर्यंत तरी आलाच कसा.

आता ताजी खबर. आंबेवाडी_रिटर्न यांचा प्रतिसाद मी आमच्या ग्रुपवर तसाच टाकला, बाकी काही लिहिलं नाही. दोन दिवस शांतता. मग जो सगळ्यात जास्त तापला होता तो थेट बाळ्याच्या घरी गेला. काय बोलले माहीत नाही. बाळ्याची बायको म्हणाली की दोघं दोन तास गच्चीवर टाकी दुरुस्त करत होते. फोटोखालची ओळ अजून तशीच आहे. एक जण रुसून ग्रुप सोडून गेलाय, त्याच्या मते मी बायकांसारखं राजकारण केलं.

पुढचा बेत निघाला. आम्ही म्हटलं, पाचनईहून जाऊ, सगळ्यांना जमेल. बाळ्या ग्रुपवर पहिल्यांदा बोलला, तोही भडकून: "माझ्यासाठी सोपा ट्रेक काढायचा नाही. तुम्ही अलंग करा. मी आंबेवाडीत थांबतो, संध्याकाळचं जेवण माझ्याकडे."

हो म्हणायचं का?

अनुजा_घाटमाथा

नाही. एकदा खाली थांबला की तो कायमचा आचारी होतो. पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही.

कातळ

हो म्हणा. स्वतःहून सांगितलंय, तेही ग्रुपवर, सगळ्यांसमोर. आता त्याला काय हवंय ते तुम्ही त्याला शिकवणार का?

निवांत_काका

दोघांचं थोडं थोडं घ्या. हो म्हणा, पण एक जण त्याच्याबरोबर खाली थांबा, आणि तो दरवर्षी वेगळा. नाहीतर अलंग कुलंग दोन्ही विसरा, आंबेवाडीतून तिन्ही गड बघत बसा. फार देखणे दिसतात. आणि लीडर ठरवा यंदा तरी!

आंबेवाडी_रिटर्न

खाली थांबायला कुणी नसेल तर मी येतो. गाव ओळखीचं आहे.

कोरडा_ओढा

@आंबेवाडी_रिटर्न, व्यनि केलाय. काका, लीडर ठरला: बाळ्या. खालूनच. चारच्या आत कातळ उतरून झाला नाही तर जेवण मिळणार नाही, असा त्याचा फतवा आहे.

हलकेच_घ्या

मेनू काय?

कोरडा_ओढा

मटण. म्हणून तर बाकीचे लगेच तयार झाले. ग्रुप सोडून गेलेलाही काल विचारत होता, माणशी किती पडतील.

मुरबाडकर

टीटीएमएम करा. आणि मटण घोटीच्या बाजारातून घेऊन जा, आंबेवाडीत ऐन वेळी मिळेलच असं नाही.